फळीवरची वाटी

छातीत धडधडलं की रत्नम्मा ओरडायची, "अवो, भुई हालली!"

तिचा नवरा शिवप्पा लगेच फळीवर बघायचा. भूकंपात घर पडलं, त्याची आई गेली, तेव्हापासून भुई हालली की कळावं म्हणून तिथं पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी असायची. पाणी गप असलं की तो म्हणायचा, "काय न्हाई. मनाचे खेळ हायत तुझे." बिचारी परत कामाला लागायची. तीस वर्षं हेच. किल्लारीतल्या बाईला धडकी भरली तर कोण कशाला दुसरं काही मनात आणतंय?

मधे एकदा दवाखान्यातल्या बाईंनी बीपी मोजलं, ते लई चढलेलं निघालं. गोळ्याही दिल्या. पण आमचे शिवप्पा पडले शहाणे! "भेलेल्या माणसाचं वाढतंच. भीतीवर कुठं गोळी असती का?" झालं, गोळ्या डब्यात पडल्या त्या पडल्याच.

गेल्या आठवड्यात अंगण झाडताना तिला दम लागून खालीच बसावं लागलं. मुलानं, अमरेशनं, दोघांना जीपमध्ये घालून लातूरला नेलं. डॉक्टरांनी छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर दाखवलं. "इतकी वर्षं वाढलेल्या दाबाशी झुंजून हृदयाची भिंत जाड झालीय. मांसात वण पडलेत, ते आता जायचे नाहीत. गोळ्या चुकवू नका, म्हणजे आणखी पडायचे नाहीत. आणि धडधडून चक्कर आली तर तसंच उचलून आणा. धडधड कधीपासून आहे?"

"भूकंपापासून," रत्नम्मा म्हणाली.

"मग तुम्ही काय केलंत?"

वाटीत बघितलं, असं शिवप्पा कोणत्या तोंडानं सांगणार?

घरी आल्यापासून गोळी तोच हातावर ठेवायचा, ती गिळेपर्यंत हलायचा नाही. ती हसायची. "लग्नातबी एवढं बघितलं न्हवतं मला! लातूरच्या डॉक्टरला काय ठावं आपल्या भुईचं?"

आज दुपारी ती सुपात तूरडाळ निवडत होती. सूप एकाएकी हातातून सुटलं.

"अवो, हालली! गरगरतंय सगळं!"

शिवप्पानं वर बघितलं. पाण्यावर साधी सुरकुती नव्हती. या गप पाण्यानं आजवर त्याचा जीव भांड्यात पडायचा, आज त्याच पाण्यानं त्याला धडकी भरवली. हाल की रे जरा, हाल! आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, खरोखर भूकंप व्हावा.

"काय म्हणतंय पाणी?" तिनं विचारलं. ओठ पांढरे पडले होते.

"हाव, हालली," तो म्हणाला. "चल भाईर. सावकाश ऊठ, माझा हात धर."

दारातून त्यानं अमरेशला जीप आणायची खूण केली. पोरगा चप्पल न घालताच पळाला.

ओट्यावर रत्नम्मा त्याच्या खांद्याला टेकली. धाप लागलेली, कपाळ घामानं भिजलेलं, तरी चेहऱ्यावर केवढं समाधान!

"बघा, म्हणत हुते का न्हाई? एकदा तरी मानलं माझं."

"तुझंच खरं हुतं," शिवप्पा म्हणाला. "पैल्यापासून तुझंच खरं हुतं."