माझ्यावर कुणी नाचायचं नाही

मी हेरिंगबोन फरशीची एक पट्टी बोलतेय, आणि रागानं बोलतेय.

दिसायला मी सागवानी. आतून मात्र दगडाची भुकटी आणि प्लॅस्टिक, म्हणून मला हायब्रिड म्हणतात. "पाणी सांडू दे, खुर्च्या ओढा, पोरं नाचू देत, हिला काही होत नाही," असं दुकानदार माझ्याबद्दल सांगायचा, तेव्हा मला भारी वाटायचं. पायांखाली यायचं, एवढीच माझी हौस होती.

कर्वेनगरमध्ये संजय देवस्थळींच्या फ्लॅटमध्ये जुन्या फरशीवरच आम्हाला बसवलं. एकीचं टोक दुसरीच्या कुशीत अडकवत सगळ्या खोल्या भरल्या. घरभर माशाच्या काट्यासारखी नक्षी झाली. मी बैठकीत, गॅलरीच्या दाराजवळ होते.

उन्हात आम्ही किंचित पसरतो, म्हणून कारागिरांनी भिंतींच्या कडेनं बोटभर फट सोडली होती. ती झाकायला ते दुसऱ्या दिवशी येणार होते. देवस्थळींना तेवढाही धीर नव्हता.

"याला काम म्हणतात? मुंग्यांना आमंत्रणच आहे हे."

"अहो, उद्या झाकणार आहेत ना ते," त्यांची बायको म्हणाली.

"हो, आणि मुंग्या उद्यापर्यंत बाहेर थांबतील."

मग उकिडवे बसून त्यांनी स्वतःच सगळ्या खोल्यांच्या फटी पांढऱ्या सिमेंटनं लिंपल्या आणि समाधानानं चहा प्यायले.

त्यानंतर माझं कौतुक सुरू झालं. खुर्च्यांच्या पायांत मोजे, माझ्यावर जुन्या चादरी. पाहुणे आले की चादरी गायब, पाहुणे गेले की पुन्हा अंधार. मी फरशी होते की देव्हाऱ्यातला टाक, तेच कळेना.

मला खरं वापरलं ते त्यांच्या लेकीनं, एकट्या तनयानं. ती नववीत, कुणी नाव विचारलं तरी मान खाली घालणारी. पण संध्याकाळी चादर बाजूला सारून घुंगरू बांधले की तिचे पाय बोलायचे. मे महिन्यात तिची कथकची परीक्षा होती.

एप्रिलमध्ये ऊन तापलं. आम्हाला पसरायला जागाच नव्हती. भिंती दोन्हीकडून दाबत होत्या. शेवटी आम्ही मधोमध वर उचललो गेलो आणि माझी खाच तुटली.

"आपट अजून पाय," देवस्थळी तनयाला म्हणाले. "आजपासून नाच बंद. परीक्षा नाही आणि क्लासही नाही."

मला ओरडून सांगायचं होतं. पण फरशीचं कोण ऐकतं?

तनयानं मान वर केली. मग म्हणाली, "बाबा, मी बैठकीतच नाचते."

"मग बैठकच फुगलीय ना?"

"तुमची खोलीपण फुगलीय. कपाटासमोर. तिथे मी कधी नाचले?"

"वकील झालात वाटतं आपण?"

आई आत जाऊन बघून आली. तिनं स्क्रूड्रायव्हर घेतला आणि भिंतीकडेचं सिमेंट उकरायला लागली. जसजसं ते निघालं, तसतसा उंचवटा खाली बसला.

"फट ठेवायची असते, हे त्या लोकांनी सांगायला नको?" देवस्थळी म्हणाले. क्लास आणि परीक्षेवरची बंदी त्यांनी उठवली, पण तनयाला 'चुकलो' म्हणाले नाहीत.

माझ्या जागी दुसरी पट्टी आली. मी आता गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली आहे, चिखलात. त्याचं मला दुःख नाही. राग आहे तो वेगळाच.

तनयाचा क्लास चालू आहे, पण घरात ती घुंगरू बांधत नाही. परवा देवस्थळी म्हणाले, "नाच की इथे. कोण नको म्हणतंय?"

"मी खाली पार्किंगमध्ये करते," ती शांतपणे म्हणाली. "तिथे काही मोडत नाही."

रोज संध्याकाळी खालून तिचे घुंगरू ऐकू येतात आणि वर घरात माझ्या बहिणी चकचकीत पडून असतात. कुणीतरी देवस्थळींना सांगा, फरशी बदलून मिळते. जपायचं होतं ते मला नाही.