सत्याऐंशी नंबरची हजेरी

मित्रांनो, तुम्ही रोज सायकल स्टँडमध्ये ज्या फळ्यांना दप्तरं टेकवता आणि ज्यांच्यावर खडूने एकमेकांना चिडवायला नावं लिहिता, त्या फळ्या म्हणजे मी. मी एक जुनी लाकडी पडदी. शिक्षक मला पार्टिशन म्हणायचे. आज मला वाळवी लागली आहे, तरी मला अगदीच टाकाऊ समजू नका. माझ्यामुळे या शाळेत दोन वर्षं एकाही मुलाचा चेहरा हरवला नव्हता. तिसऱ्या वर्षी एक हरवला. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझं लाकूड परदेशातलं. न्हावा शेव्याचं बंदर नवं नवं सुरू झालं होतं आणि मोठमोठ्या खोक्यांतून तिथे यंत्रं उतरत होती. त्या खोक्यांच्या फळ्या पनवेलच्या भंगारवाल्याकडे आल्या. तिथून काशीराम सुतारांनी त्या उचलल्या, रंधा मारून तासल्या, बिजागऱ्या लावून माझे सहा पल्ले केले. माझ्या अंगावर छापलेली काळी छत्री आणि काचेचा पेला, म्हणजे 'भिजवू नका' आणि 'जपून उचला' या खुणा, मात्र त्यांनी पुसल्या नाहीत. पोरांना गंमत वाटेल, म्हणाले.

ही १९९१ची गोष्ट. बंदर आलं, पलीकडे नवं पनवेल वसलं आणि शाळेत मुलांची नुसती रीघ लागली. मुंबईहून आलेल्या नोकरदारांची मुलं, ट्रकवाल्यांची मुलं, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली मुलं. एका हॉलमध्ये दोन-दोन वर्ग एकदम भरत. इकडे भूगोल, तिकडे कविता, आणि मध्ये कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. एकेका बाईंकडे चारशे-चारशे मुलं! नावं कोण लक्षात ठेवणार?

मुख्याध्यापिका आशालताबाई बारीक अंगाच्या, पण हट्टाला पेटल्या की ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकायच्या नाहीत. त्यांनी पाचवी ते सातवीची सगळी मुलं वाटून लहान लहान शाळाच केल्या. प्रत्येकीला 'अंगण' म्हणायचं. एका अंगणात शंभरेक मुलं आणि तेच तीन शिक्षक. पाचवीत आलेलं मूल सातवी संपेपर्यंत त्याच अंगणात, त्याच शिक्षकांच्या नजरेखाली. खोल्या कमी पडल्या, म्हणून हॉलच्या मधोमध मला उभं केलं.

माझ्या उजव्या अंगाला शशिकलाबाईंचा पाचवीचा वर्ग बसायचा. तेहतीस मुलं, गोल करून. त्यांची हजेरी घेण्याची तऱ्हाच निराळी होती. नंबर नाही, 'हजर' नाही. बाई एकेकाकडे बघून नाव घ्यायच्या आणि त्याने सकाळी काय खाल्लं ते सांगायचं. कुणी पोहे, कुणी चहा-बटर, कुणी काहीच नाही. काहीच नाही म्हणणाऱ्याला बाई मधल्या सुट्टीत हळूच जवळ बोलावत. मला त्या हजेरीची फार गोडी लागली होती.

त्या गोलात मैना होती. कोळीवाड्यातली, सावळी, आणि तोंडात मूग धरून बसलेली. तिला पाढे येत नाहीत म्हणून आधीच्या शाळेत तिला 'ढ' ठरवून ठेवलं होतं. एकदा बाई पाऊणकी शिकवत होत्या, म्हणजे पाऊणचा पाढा. मुलं जांभया देत होती. 'आठ पाऊण?' बाईंनी विचारलं. कुणालाच येईना. तेवढ्यात मैना पुटपुटली, सहा. बाईंनी विचारलं, तुला कसं ग आलं? ती म्हणाली, अष्टमीला सहाला भरती असते. तिच्या आजोबांनी शिकवलं होतं, जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची वेळ निघते. अख्खी पाऊणकी त्या पोरीच्या तोंडावर होती, फक्त ती पाऊणकी आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्या वर्गाने तिच्याकडून भरतीचं गणित शिकून घेतलं, आणि मैना पहिल्यांदा हसली. मला तर नाचावंसं वाटलं, पण सहा पल्ल्यांनी कसं नाचणार?

सहावीत असताना ती दोन दिवस आली नाही. दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर बाई तडक कोळीवाड्यात गेल्या. मैनाच्या बापाचा हात होडीत सापडून जायबंदी झाला होता, आणि तिची आई गुणाबाई तिला कोळंबी सोलायला शेडमध्ये नेत होती. बाईंनी ना भाषण दिलं ना रागावल्या. मैनाने सकाळची सोलणी करून अकरा वाजता यावं, उशिराबद्दल तिला कुणी एक अक्षर बोलणार नाही, असं त्यांनी ठरवून घेतलं. गुणाबाई कबूल झाली. दुसऱ्या दिवशीपासून मैना अकराला यायची, बोटं सोललेली, पण यायची. तिला शिक्षिका व्हायचं होतं. हे तिने फक्त बाईंना सांगितलं होतं, आणि मी मध्येच उभी असल्यामुळे मलाही कळलं.

पण चांगल्याला दृष्ट लागते म्हणतात ते खोटं नाही. १९९३मध्ये आशालताबाई निवृत्त झाल्या. दोन शिक्षकांची बदली झाली, त्यांच्या जागा भरल्या नाहीत. नवे मुख्याध्यापक अविनाश सर माणूस वाईट नव्हते, उगीच कशाला बोल लावू? पण त्यांना अंगणं म्हणजे पसारा वाटला. वर्ग एकत्र केले की शिक्षक पुरतात, हॉलही मोकळा दिसतो, असं त्यांचं म्हणणं. मला उचलून व्हरांड्यात, हॉलच्या दाराशी टेकवून ठेवलं. गरज सरो, वैद्य मरो.

हॉलमध्ये आता सातवीची एकशेबारा मुलं बसू लागली. वर्ग शशिकलाबाईंचाच, पण त्यांना आणखी तीन वर्गांचं गणित होतं. दहा मिनिटांत हजेरी उरकून धावायचं. काय खाल्लं विचारायला वेळ कुठला? मान खाली, हजेरीपट पुढ्यात, आणि नंबर. एक, हजर. दोन, हजर. मैनाचा नंबर सत्याऐंशी. बापाचा हात जरा सुधारल्यापासून ती आता सगळ्यांबरोबर वेळेवर यायची. ती मागे भिंतीशी बसायची, तिच्या शेजारी तिच्याच कोळीवाड्यातली हौसा, अठ्ठ्याऐंशी.

दिवाळीनंतर शाळा उघडली आणि मैना आली नाही. गुणाबाई तापाने अंथरुणाला खिळली होती, शेडवर तिच्या जागी मैनाला उभं राहावं लागलं. तिने हौसाला सांगून ठेवलं होतं, चार दिवस माझी हजेरी बोल, नाहीतर पटावरून नाव काढून टाकतील. हौसा जिवाला जीव देणारी पोर. सत्याऐंशी नंबर आला की आवाज बारीक करून 'हजर बाई' म्हणायची, आणि अठ्ठ्याऐंशीला आपल्या आवाजात. मी दाराशी उभी राहून दोन्ही आवाज ऐकत होते. मला सगळं कळत होतं, मित्रांनो, आणि मला तोंड नव्हतं.

चाराचे आठ दिवस झाले, आठाचा महिना झाला. हौसा आता भ्यायली होती. खरं सांगावं तर आपण इतके दिवस खोटं बोललो हे उघडं पडणार. एकदा बाईंनी मान वर करून विचारलंही, मैना दिसत नाही? हौसा म्हणाली, पाणी प्यायला गेली. बाईंनी मान डोलावली आणि पुढचा नंबर घेतला. हजेरीपटात मैना एक दिवसही चुकली नव्हती. मला तेव्हा बाईंचा इतका राग आला की काय सांगू!

जानेवारीत डॉक्टर मुलांची वजनं घ्यायला आले. त्यांनी नंबर पुकारला, सत्याऐंशी. वजनकाट्यावर कुणी उभं राहिलं नाही. पुन्हा पुकारला. हौसा रडत सुटली, आणि मग सगळं बाहेर आलं. शशिकलाबाई हजेरीपट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा बघून माझा राग कुठच्या कुठे गेला.

त्यांनी त्याच दिवशी निरोप धाडला. दोन दिवसांनी मैना आईबरोबर आली, पण दप्तर आणलं नव्हतं. शेडवाल्याने तिला कायमची ठेवून घेतली होती आणि गुणाबाई शाळेचा दाखला न्यायला आली होती. आई ऑफिसात गेली. बाई आणि मैना माझ्या समोर उभ्या होत्या. बाई खूप बोलल्या. पुन्हा अकराला ये, मी सरांशी बोलते, परीक्षेचं मी बघते. मैना खाली बघत होती. मग तिने विचारलं,

"बाई, मी येत नाय, ते तुमाला कवा कळलं?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. त्या खोटं बोलल्या नाहीत.

"परवा."

"मागं तुमी दुसऱ्याच दिवशी आल्या व्हत्या," मैना म्हणाली. "मला वाटलं, येतील. मी आयेला सांगून ठेवलं व्हतं, बाई आल्या की मी जानार. दिवाळीपास्नं रोज सांजेला रस्त्यावर बघत व्हते. मंग बघनं सोरलं."

बाई तिथेच, व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. गुणाबाई दाखला घेऊन बाहेर आली आणि दोघी फाटकातून निघून गेल्या. मैनाने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. हौसा त्यानंतर कधीच कुणाची हजेरी बोलली नाही, स्वतःची बोलतानाही तिचा आवाज कापायचा.

मला पुन्हा हॉलमध्ये उभं करा, असं मी म्हणत नाही. माझी हाडं आता खिळखिळी झाली आहेत. पण मोठ्यांनी मुलांचे एवढे ढीग करू नयेत, एवढं मात्र त्यांना माझ्या वतीने सांगा. आणि तुम्हाला हात जोडून एक मागते, मित्रांनो. तुमच्या शेजारची जागा रिकामी असेल, तर मैत्री म्हणूनसुद्धा तिच्या नावाने 'हजर' म्हणू नका. उभे राहा आणि मोठ्याने सांगा, बाई, ती आलेली नाही. कुणीतरी रस्त्याकडे डोळे लावून बसलेलं असतं.