दाराला टेकवलेले मुसळ

मित्रांनो, मी एक जुने उखळ आहे. अमेरिकेतल्या जेनेसी नदीकाठच्या एका गावात सेनेका या तिथल्या मूळ रहिवाशांनी मला ओकच्या बुंध्यातून घडवले. घडवले म्हणजे काय, जाळलेच! डोक्यावर निखारे ठेवायचे, जळलेले लाकूड शिंपल्याने खरवडायचे, की पुन्हा निखारे. असे करत करत माझे पोट खोल झाले. विस्तवाची आणि माझी ओळख तेव्हापासूनची.

आमच्याकडे घर आणि शेत बायकांचे. माझी मालकीण गाहानो. ती आणि तिची मुलगी अवेनियो अंगणात समोरासमोर उभ्या राहून माझ्यात मका कांडायच्या. एकीचे मुसळ वर गेले की दुसरीचे खाली. धप्-धप्, धप्-धप्. दोघींचे तोंडही हाताबरोबरच चाले.

"हात झोपला का गं तुझा आज?" गाहानो विचारी.

"तुझी नात झोपू देईल तर ना! रात्रभर रडत होती."

"मग दे तिच्याच हातात मुसळ!"

त्या दोघी हसल्या की पीठ उडून माझ्या काठावर बसे. मला ते फार आवडे.

गावात कुलपे नव्हती. सगळे शेतावर निघाले की गाहानो एक मुसळ दाराला तिरके टेकवून ठेवी. घरात कुणी नाही, आत जाऊ नका, एवढाच त्याचा अर्थ. मग कितीही भुकेला पाहुणा आला तरी बाहेरच बसून वाट पाही. मी हे इतक्यांदा पाहिले होते की सगळे जगच असे वागते, अशी माझी समजूत झाली होती. गाहानोचीही तीच होती.

त्या सुमारास वसाहतींतले गोरे लोक समुद्रापलीकडच्या राजाशी लढत होते. त्यांना स्वातंत्र्य हवे होते. आमचे बरेचसे पुरुष राजाच्या बाजूने गेले होते. म्हणून मक्याला दाणे भरण्याच्या दिवसांत वसाहतींची फौज आमची गावे जाळत वर सरकली. आमचे गाव पळायला निघाले.

घराच्या आढ्याला बियाण्याच्या कणसांच्या वेण्या टांगलेल्या होत्या. आईकडून मुलीकडे चालत आलेले ते बियाणे, दुसरीकडे कुठे मिळणारे नव्हे.

"आई, बियाणं घेऊ या," अवेनियो म्हणाली.

"पाठीवर पोर, दोन्ही हातांत भांडी. बियाणं काय दातांत धरणार आहेस? चार दिवसांत परत येऊ."

"अगं, ते जाळत सुटलेत!"

"शेतं जाळतील. दाराला मुसळ लावलेल्या घरात शिरायला माणूस म्हणजे काय कोल्हा आहे?"

पण आईची पाठ वळताच अवेनियोने एक वेणी ओढली, दाणे सोलून माझ्या पोटात ओतले, वर झाडाची साल झाकली आणि ती आईच्या मागे धावली.

शिपाई आले. पुढच्याने दाराचे मुसळ पाहिले. "कुणी नाही रे आत, चला!" असे म्हणत त्याने ते पायाने उडवले. थोड्या वेळात घर पेटले, आढ्यावरचे बियाणे पेटले. मुसळे त्यांच्या शेकोटीत गेली. एक दमलेला शिपाई मला पालथे करून माझ्यावर बसला आणि आमच्याच झाडाचे पीच खाऊ लागला.

"काय जमीन आहे रे! आमच्याकडे नुसते दगड," तो म्हणाला.

"लढाई संपू दे, मग येऊच राहायला," दुसरा म्हणाला.

जाताना त्यांनी पीचची झाडेही तोडली.

मग बर्फ आले. मी पालथे, पोटाखाली दाणे, आणि आसपास कुणी नाही. फांदीवरून बर्फाचा गोळा धप् करून पडला की मला वाटे, गाहानो आली. मी दुसऱ्या ठोक्याची वाट पाही. तो येत नसे.

बर्फ वितळले तसे पाणी माझ्याखाली शिरले आणि दाण्यांना अंधारातच मोड आले. ते पांढरे कोवळे मोड मला खालून टोचू लागले. जे मला सांभाळायला दिले होते, त्याच्याच उरावर मी बसले होते. ते मरत होते, मला उठता येत नव्हते. इतके एकटे मला कधीच वाटले नाही.

एके सकाळी अवेनियो आली. पाठीवर पोर होती, बरोबर आई नव्हती. आसऱ्यासाठी गाठलेल्या राजाच्या किल्ल्याबाहेर त्या थंडीत खूप माणसे उपासमारीने गेली, त्यांत गाहानोही गेली. अवेनियोने आधी घराची राख दोन्ही हातांनी उपसली. शिपायांच्या शेकोटीत तिला मुसळाचे जळके टोक सापडले. मग तिची नजर माझ्यावर पडली. खांदा लावून तिने मला लोटले.

बहुतेक दाणे कुजले होते. थोडे मोड जिवंत होते, पिवळे पडलेले, वाकडे. ती मोठ्याने रडली. "आई, तुझं मुसळ दिसलं होतं गं त्यांना," ती म्हणाली. मग डोळे पुसून तिने मातीचे उंचवटे केले आणि एकेक मोड लावला.

तो मका आला, मित्रांनो. अवेनियोने नवे मुसळ तासले आणि ती एकटीच कांडू लागली. धप्, मग थोडी थांबे. तिथे गाहानोचा ठोका असायचा.

पहिल्यांदा शेतावर निघाली तेव्हा मुसळ हातात धरून ती नव्या झोपडीच्या दारात कितीतरी वेळ उभी राहिली. मला वाटले, आता ही ते बरोबर नेणार. तिने ते दाराला टेकवले आणि एकदाही मागे न पाहता निघून गेली.

मला पाय नाहीत, हात नाहीत. मी दाराकडे नुसते बघत बसते. म्हणून तुम्हाला विनवते, मित्रांनो. कुणाच्या दाराला असे मुसळ टेकवलेले दिसले, तर बाहेरच थांबा. घरातली बाई शेतावर गेली आहे, ती परत येणार आहे.