बागेतली चिकोरिया

लिल्ला मावशी सिसिलीहून हॅमिल्टनला आली ती नाक मुरडायची तयारी करूनच आली, असं नून्झियाचं पहिल्या दोन दिवसांतच ठाम मत झालं.

तशी मावशी प्रेमळ होती. विमानतळावर तिनं साठीला टेकलेल्या नून्झियाचे गाल असे चिमटले, की ते दुसऱ्या दिवसापर्यंत लाल होते. बॅगेत स्वतःच्या कपड्यांपेक्षा बदाम आणि चीजच जास्त होतं. पण नून्झियाच्या आईला, दिएगाला, बदाम नको होते. लग्न करून ती या गावात आली, नवरा पोलादाच्या कारखान्यात लागला, तेव्हापासून दर रविवारी ती धाकट्या बहिणीला फोनवर सांगत आली होती : इथलं सरोवर बघशील तर समुद्र म्हणशील, इथल्या बागांमधून माणूस वाट चुकतो, इथं शहराच्या मधोमध धबधबे कोसळतात. आता बहीण ते डोळ्यांनी बघायला आली होती. तिनं एकदा, फक्त एकदा, ‘काय गं तुझं हे शहर!’ म्हणावं, एवढीच दिएगाची इच्छा होती.

“नून्झी, काही म्हणजे काही सोडायचं नाही,” दिएगानं मुलीला बजावलं. “तिला सगळं दाखवायचं.”

नून्झिया शाळेच्या ऑफिसातून नुकतीच निवृत्त झालेली. गाडी होती, वेळ होता, आणि आईला नाही म्हणायची टाप नव्हती.

आधी त्या चेरीचा बहर बघायला गेल्या. झाडं गुलाबी ढगांसारखी फुलली होती, माणसं माना वर करून फोटो काढत होती. मावशीनं एका खोडावर थाप मारली.

“फळ कधी धरतं?”

“मावशी, हे फळाचं झाड नाही. नुसतं बघायचं.”

“एवढं थोराड झाड आणि एक चेरी देत नाही?” मावशी म्हणाली. “आळशी आहे मेलं.”

मग सरोवर. दिएगा बाकावर बसून निळ्या पाण्याकडे असा हात करून थांबली, जणू तिनंच ते तिथं ओतलं होतं. मावशीनं बोट बुडवून चाखलं. “समुद्रच आहे. मीठ घालायचं राहून गेलंय.” शहरामागच्या उंच कड्याला इथले लोक ‘माउंटन’ म्हणतात, हे कळल्यावर तर ती हसतच सुटली. एटना ज्वालामुखीला धुमसताना बघितलेली बाई ती! “आमच्याकडे याला चढ म्हणतात,” ती म्हणाली. धबधब्यापाशी तिनं स्वेटर घट्ट ओढून घेतला आणि गार लागतंय म्हणाली. जुन्या महालाचं वय विचारलं, ते दोनशेही भरत नाही हे ऐकलं, आणि दिएगाच्या कानाशी लागून म्हणाली, “आपलं कोंबड्यांचं खुराडं याहून जुनं होतं, आठवतंय?”

परतीच्या वाटेवर दिएगा पुढच्या सीटवर बसली. मावशी मागच्या सीटवर डुलकी काढतेय असं पाहून ती मुलीला हळूच म्हणाली, “हिचं लहानपणापासून असंच. मला नवा झगा आला तरी म्हणायची, बाह्या लांब झाल्यात.”

“लांबच होत्या,” मागून आवाज आला.

शनिवारी उरली होती ती सरोवराकाठची मोठी बाग. दिएगानं चर्चला घालायचा करडा कोट चढवला, गळ्यात मोती घातले. बागेत मॅग्नोलिया ऐन भरात होता. कारंज्यापाशी एका लग्नाचं वऱ्हाड फोटोसाठी उभं होतं. नवरीच्या पांढऱ्या झग्याचा घोळ हिरवळीवर पसरलेला, नवऱ्याचे मित्र निळ्या सुटांत. नून्झियाला वाटलं, आता तरी मावशी पाघळेल.

मावशी थबकलीच. पण तिची नजर मॅग्नोलियावर नव्हती, नवरीवरही नव्हती. ती झाडांमागच्या उतारावर खिळली होती.

“दिएगा,” तिचा आवाजच बदलला. “हे सगळं कुणाचं आहे गं?”

“कुणाचं म्हणजे? सगळ्यांचं. नगरपालिकेची बाग आहे.”

“आणि हे कुणीच खात नाही?”

नून्झियानं पाहिलं. उतारभर डँडेलियन माजले होते. पाथरीसारखी दातेरी पानं जमिनीला चिकटून पसरलेली, मधूनमधून पिवळी फुलं. इथं लोक त्याला तण म्हणतात आणि हिरवळीचा शत्रू मानतात. सिसिलीत मात्र असल्या रानपाल्याला चिकोरिया म्हणतात, आणि त्यासाठी बायका पहाटे रानात जाऊन एकमेकींच्या आधी जागा धरतात.

“मावशी, नको,” नून्झिया म्हणेपर्यंत मावशीनं पर्समधून कापडी पिशवी आणि छोटा चाकू काढला होता आणि ती गुडघ्यांवर बसली होती.

“ही पानं बघ! कोवळी लुसलुशीत! आपल्याकडे एवढ्या पाल्यासाठी दोन टेकड्या तुडवाव्या लागतात, आणि तुम्ही यावरून चालता?” तिनं एक रोप मुळाशी कापलं, झटकलं, आणि बहिणीकडे डोळे विस्फारून पाहिलं. “काय गं तुझं हे शहर, दिएगा! काय हे शहर!”

इतक्या वर्षांनी ऐकायला मिळालं, तेही तणासाठी. दिएगाला हसावं की रडावं कळेना.

“ऊठ, लिल्ला. लोक बघतायत.”

“बघू देत. तू का नाही खुडत?”

दिएगानं गळ्यातले मोती चाचपले. मग म्हणाली, “इथं आले त्याच वर्षी खुडली होती. पिशवी भरून. तर शेजारणीला वाटलं, आमच्या घरी खायला नाही. दुसऱ्या दिवशी सूपचं पातेलं घेऊन दारात उभी. आमच्या ह्यांना फार लागलं ते. म्हणाले, पुन्हा बागेत जायचं नाही. मग नाही गेले.”

नून्झियाला ही गोष्ट ठाऊकच नव्हती.

मावशीनं गंभीरपणे विचारलं, “सूप कसं होतं?”

“पाणचट.”

दोघी एकमेकींकडे पाहून फिस्सकन हसल्या, आणि मग हसू आवरेचना. दिएगानं करडा कोट काढला, उलटा करून गवतावर अंथरला आणि मोत्यांसकट खाली बसली.

“फूल आलेलं घेऊ नकोस, कडू होतं,” मावशी म्हणाली.

“मला शिकवू नकोस. तुला चाकू धरायला मी शिकवलंय.”

नून्झिया मात्र इकडेतिकडे बघत मेल्याहून मेल्यासारखी उभी होती, आणि तिला ज्याची भीती होती तेच झालं. बागेची छोटी गाडी उतारावर येऊन थांबली. हिरव्या जॅकेटातली एक तरुणी उतरली. छातीवर नाव होतं केल्सी.

“फुलझाडं तोडत नाहीत ना या?” तिनं विचारलं.

“नाही, नाही. फक्त हे तण,” नून्झिया घाईघाईनं म्हणाली. “माझी आई आणि मावशी. आम्ही निघतोच आहोत.”

“तण?” केल्सी वाकून पिशवीत डोकावली. “खातात हे?”

मावशीला इंग्रजीचा गंध नव्हता, पण प्रश्न तिला बरोबर कळला. तिनं हातानं कढई दाखवली, लसूण ठेचून दाखवला, तेलाची धार सोडली, आणि शेवटी पाचही बोटं ओठांना लावून मुका उडवला. केल्सी हसायला लागली.

“विषबिष मारत नाही ना इथं?” नून्झियानं विचारलं.

“छे, बंदी आहे. आम्हाला हातानं उपटावं लागतं. कंबर मोडते.” तिनं पलीकडे बोट केलं. “त्यांना सांगा, बँडस्टँडच्या मागं बघा. तिथली पानं याच्या दुप्पट आहेत.”

नून्झियाचा जीव भांड्यात पडला. तिनं भाषांतर केलं, आणि दोघी म्हाताऱ्या तिकडे निघायला सज्ज झाल्या. पण बसणं सोपं होतं, उठणं नव्हतं. दिएगाचा गुडघा अडला, तिला उठवायला गेलेली मावशी तिच्यावरच कलंडली, आणि दोघी गवतात लोळत हसू लागल्या. नून्झिया एकटी कुणाकुणाला ओढणार?

कारंज्यापाशी हे सगळं दिसत होतंच. नवऱ्याचे निळे सूटवाले मित्र धावत आले. चौघांनी दोघींना अलगद उचलून उभं केलं. मावशीनं आपल्या वाट्याच्या दोघांचे गाल चिमटले. मागोमाग घोळ सावरत नवरी आली.

“यांना लागलं नाही ना? मग आमच्याबरोबर फोटोला उभ्या राहा की!”

फोटोत नवरीच्या हातात पांढरे गुलाब, आणि दोन बाजूंना दोन बहिणी, हातात चिकोरियाच्या जुड्या अशा धरून, की कुणालाही वाटावं लग्न त्यांचंच आहे. फोटो काढणाऱ्यानं नून्झियालाही हाक मारली. ती आधी नको म्हणाली. मग गेली, आणि जाता जाता वाकून तिनंही एक रोप खुडलं. मातीसकट निघालं, पण निघालं.

संध्याकाळी नून्झियाच्या स्वयंपाकघरात पाला निवडून चार पाण्यांनी धुतला गेला. उकडला, पिळला, ऑलिव्ह तेलात लसूण आणि सुकी मिरची तडतडली, वर मीठ. घरभर वास सुटला. वॉरन, नून्झियाचा नवरा, बाहेरून आला. हा माणूस दर वसंतात अंगणात ओणवा होऊन डँडेलियनशी लढायचा. त्यानं पावाबरोबर एक घास घेतला, दुसरा घेतला, ताट पुसून घेतलं.

“छान आहे. काय आहे हे?”

नून्झियानं सांगितलं. वॉरननं रिकाम्या ताटाकडे पाहिलं.

“म्हणजे मी इतकी वर्षं जे कचऱ्यात टाकतोय...”

“हो.”

मावशीला तिच्या भाषेत सांगितल्यावर तिनं कपाळाला हात लावला. “या माणसाला गावी नेऊ नका,” ती म्हणाली. “लोक मारतील.”

कढई केव्हाच रिकामी झाली होती. बाहेर अजून चांगला उजेड होता. वॉरन उठला, कपाटातला चाकू घेतला आणि अंगणात गेला. दोघी बहिणी खिडकीत जाऊन उभ्या राहिल्या.

“ते नाही!” मावशी काचेवर टकटक करत सिसिलियनमध्ये ओरडली. “फूल आलंय त्याला!”

“डावीकडचं घे, डावीकडचं,” दिएगा तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत ओरडली.

वॉरननं डावीकडचं उपटलं, खिडकीकडे वर धरून दाखवलं, आणि दोघींनी एकदमच मान डोलावली.

नून्झियानं पुन्हा लसूण सोलायला घेतला.