घशात नाही, बाटलीत

मी एक नरसाळे आहे. पत्र्याचे, अंगठ्याएवढे. चियापास प्रांताच्या डोंगरातल्या आमच्या गावात माणूस सणाला निघाला की रिकामी बाटली आणि मी त्याच्या झोळीत असतोच. भांड्यांना डाख लावणाऱ्या एका कारागिराने जुन्या डब्याचा पत्रा कापून मला घडवले आणि बाजारात पेतुल नावाच्या शेतकऱ्याने मला घेतले.

सणाला उसाची कडक दारू फिरते. तिला पोश म्हणतात. देणारा वाकून पेला पुढे करतो. तो नाकारणे म्हणजे त्याचा अपमान. म्हणून पूर्वजांनी माझी युक्ती काढली. पेला ओठाला लावायचा आणि दारू माझ्यातून बाटलीत सोडायची. कुणी रागवत नाही.

पेतुल दोनच पेले प्यायचा. बाकीचे माझ्यातून जात. सकाळी फुलांच्या मळ्यात तो सगळ्यांच्या आधी हजर. म्हातारपणीही मक्याचे पोते पाठीवर घेऊन चढण चढायचा.

"पेतुलदादा, तुमची बाटलीच झिंगली बघा!" लोक चिडवत.

"झिंगू दे. तिला कुठे उद्या मळ्यात जायचंय?"

आया मुलांना त्याचे उदाहरण देत. मी पत्र्याचा, तरी फुगून जाई.

ती भरलेली बाटली घरी येई आणि पाहुण्यांसाठी चुलीमागच्या फळीवर राही. तिथे पेतुलच्या मुलाचा, लोलचा हात पोहोचू लागला. आधी चोरून, लग्नानंतर उघड.

"अहो, येताना ओढ्यात ओतून या ना ती," लोलची आई मारुच म्हणाली.

"लोकांनी दिलेला मान ओढ्यात ओतू? आणि मी पितो का? बघ माझ्याकडे!"

"तुमच्याकडे सगळं गाव बघतंय. पोराकडे कोण बघणार?"

"त्याने माझ्यासारखं राहावं. मी काय त्याचे हात बांधू?"

लोलचे डोळे पिवळे झाले, पोट फुगले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता एक थेंबही नको. वाचायचा नाही." त्याच आठवड्यात सण आला. पेतुल गेला, दोन पेले प्यायला आणि भरलेली बाटली घेऊन परतला. या वेळी त्याने ती वरच्या फळीवर ठेवली. एवढीच त्याची काळजी! लोलने स्टूल घेतले.

लोलला पुरताना रिवाजाप्रमाणे पोश फिरली. देणारा पेतुलपुढे वाकला. पेतुलने पेला ओठाला लावला आणि सवयीने मला झोळीतून काढले.

"भरा," मारुच म्हणाली. "भरा ना. आता घरी प्यायला कोण आहे?"

पेतुलने मला सोडून दिले. मी मातीत पडलो. मग त्याने सगळा पेला त्या ओल्या मातीवर ओतला, सगळ्यांच्या देखत.

कुणीही रागावले नाही. देणाऱ्याने रिकामा पेला परत घेतला आणि तो पुढे गेला. इतके सोपे होते ते.

आता मी मारुचच्या चुलीशेजारी खिळ्याला गंजत लटकलो आहे. ती मला वापरत नाही, फेकतही नाही. पेतुल आजही निरोगी आहे, आजही चढण चढतो. बेताने पिणाऱ्यांनो, तुमच्या घशाखाली किती गेली ते तुम्ही नीट मोजता. उरलेली कुणाच्या हाती लागते, तेवढे एकदा वळून बघा.