लागला की लावला

विश्रामचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी महिपत भावाच्या गाडीखाली शिरला. शेजारी म्हणाले, भंगारात घालायची सोडून ही अवदसा खोलत काय बसलाय? लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार!

गाडी तशी दोघा भावांची. लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीत लिलाव झाला, तेव्हा घेतलेली. महिपत कारखान्यात फिटर, म्हणून दुरुस्ती त्याच्याकडे; चालवायची हौस विश्रामला. गाडीने नवं दुखणं काढायचं आणि दोघांनी विश्रामच्या कळव्याच्या अंगणात रविवार घालवायचा, असं सात वर्षं चाललं. आणि पंधरा दिवसांपूर्वी भर दुपारी ती विश्रामला घेऊन उताराने सरळ खाडीत गेली. बैल लावून ओढून काढली, तेव्हा विश्राम आतच होता.

शेजारचा राघो तेव्हा खाडीकाठच्या मिठागरावर होता, त्याने गाडी जाताना पाहिली. त्याने घरी येऊन सांगितलं, "बिरेक नाय लावला त्यांनी." पोलिसांपुढे तोच म्हणाला, "बिरेक नाय लागला." विचारलं तर म्हणे, दोन्ही एकच. एकच कसं असेल? लागला नसेल, तर विश्रामला महिपतने मारलं. ब्रेकचं काम आदल्याच रविवारी त्याने स्वतः केलं होतं. आणि लावला नसेल, तर विश्राम आपल्या पायांनी गेला. दिवाळीत त्याची एकुलती एक पोर, गोदा, विषमज्वराने गेली. तेव्हापासून तो जेवत होता, कामावर जात होता, पण बोलत नव्हता. महिपतला इकडे आड, तिकडे विहीर.

सकाळभर तो वाळलेला चिखल खरवडत राहिला. पायडलापासून चाकाकडे जाणारी सळी शाबूत. सळी धरून ठेवणारी पिनही जागेवर, तिची टोकं त्याने पक्कडीने वाकवली होती तशीच वाकलेली. आता एकच तपासणी उरली. मागचं चाक जॅकवर उचलायचं, एकाने आत बसून पायडल दाबायचं, दुसऱ्याने चाक फिरवून पाहायचं. या कामाला माणसं दोन लागतात. इतकी वर्षं आत विश्राम बसायचा.

"मी बसते," दारात उभी असलेली शेवंतीवहिनी म्हणाली.

"तुम्ही नको, वहिनी."

"बसते म्हटलं ना. रातदिस एकच डोक्यात फिरतंय, भावोजी. पोर गेली, ती देवाने नेली. पण हे मला टाकून गेले का, तेवढं मला कळू दे. मग काय व्हायचं ते होवो."

ती नवऱ्याच्या जागी जाऊन बसली. पाय पुरेनात, तशी पुढे सरकली आणि दोन्ही पावलं पायडलावर ठेवली. तिने जन्मात कधी पायडल दाबलं नव्हतं. घट्ट लागलं की सैल, तिला कुठून कळणार! महिपतने मागे जाऊन चाकाला हिसका दिला. ते गरगर फिरू लागलं.

"दाबा, वहिनी."

चाक जागच्या जागी थांबलं. महिपतने दोन्ही हातांनी जोर केला, मग खांदा लावला. ते तसूभर हललं नाही. इतका चांगला ब्रेक त्याने उभ्या आयुष्यात बसवला नव्हता. त्याला भडभडून आलं, आणि भावाचा रागही आला. एक शब्द बोलला असता तर!

"लागला का हो, भावोजी?" आतून वहिनीने विचारलं.

महिपतने चाकावरचे हात काढून घेतले.

"नाही लागला, वहिनी," तो म्हणाला. "माझ्या हातून पिन बसवायची राहिली."

मग ती खाली उतरली, त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"माझं कुंकू पुसलंत हो तुम्ही," ती म्हणाली. "परत माझ्या दारात येऊ नका."

ती घरात गेली आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. रडता रडता शेजारणीला सांगत होती, "मला टाकून नव्हते गो गेले ते. नव्हते गेले."

उद्या कुणी गाडी तपासलीच तर? महिपतने पक्कड उचलली, पुन्हा गाडीखाली शिरला आणि पिन काढून घ्यायला तिची वाकवलेली टोकं सरळ करू लागला.