पातं गेलं, मी राहिलो

मी सुताराचा रंधा बोलतोय. इथल्या कागदावर माझी नोंद 'लाकूड' अशी झाली आहे. ते वाचून मला पहिल्यांदा रागच आला होता.

एका सुतारानं शिसवी ठोकळा कोरून मला घडवलं, तेव्हा त्याचं लग्नही झालेलं नव्हतं. पुढं चाळीस वर्षं आम्ही दोघांनी दारं, कपाटं, पाळणे गुळगुळीत केले. समोर येणाऱ्या फळ्यांकडे मी जरा तोऱ्यातच बघायचो. त्या लाकूड, मी हत्यार! अंगात मधूनच कुरतडल्यासारखं व्हायचं, पण आपल्याला कुठली कीड लागायला, म्हणून मी काणाडोळा केला.

गेल्या महिन्यात सुतार गेला. परदेशात नोकरी करणारा मुलगा आला, आठ दिवस राहिला. निघताना आईला म्हणाला, "बाबांची एकच वस्तू दे. बाकी मला काही नको."

आईनं मला टॉवेलात गुंडाळून दिलं. "हा ने. माझ्यापेक्षा याच्याबरोबरच जास्त वेळ असायचे," म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली.

विमानात फॉर्म आला. 'सोबत लाकडी वस्तू आहेत का?' मुलानं 'नाही'वर खूण केली. मीही तेच सांगितलं असतं.

उतरल्यावर तपासणीच्या टेबलावर एका अधिकारी बाईंनी बॅग उघडली.

"हे काय?"

"रंधा. सुताराचं हत्यार आहे."

"लाकडाचं आहे."

"हत्यार आहे हो, मॅडम."

बाईंनी मला पांढऱ्या कागदावर आपटलं. पोटातून चिमूटभर भुकटी पडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कीड आहे. फॉर्मवर लिहायला हवं होतंत. या वेळी नुसती ताकीद देते. औषधाची धुरी देता येईल, पण पंधरा दिवसांनी तुम्हालाच येऊन न्यावा लागेल. नाहीतर शुक्रवारी जाळू. तोवर विचार बदलला तर फोन करा."

मुलाचं शहर तिथून आणखी एका विमानाच्या अंतरावर. त्यानं घड्याळ बघितलं. "पातं लोखंडाचं आहे. तेवढं नेऊ का?"

"न्या."

माझ्या टाचेवर ठोकलं की पातं धरून ठेवणारी पाचर सुटते, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. त्यानं पातं काढलं, रुमालात बांधलं. डोळे भरून आले होते. "बाबांचं सगळं काम यानंच तर व्हायचं," असं म्हणून त्यानं सही केली आणि तो गेला.

आता मी जाळीच्या कपाटात आहे. शेजारी एक फणी आणि एक लाकडी घोडा. त्यांची भाषा मला येत नाही. चाळीस वर्षं रोज अंगावर हात होता. इथं दिवसभर कुणी शिवत नाही. फार एकटं वाटतं.

वाचकहो, फॉर्म भरताना जरा थांबा. हत्यार, खेळणं, फणी, जे असेल ते सगळं लिहा. विचारलं तर दाखवा, त्यात कमीपणा नाही.

आणि पोरा, तुला कोण सांगणार? तू नेलंस ते सातवं पातं. गेल्या वर्षी आणलेलं. तोवर बाबांचे हात थरथरायला लागले होते, त्यांनी ते धड वापरलंही नाही. माझ्या पुढच्या अंगाला एक खळगा आहे. तो कुणी कोरलेला नाही रे. चाळीस वर्षं तिथं त्यांचा डावा अंगठा टेकत होता.

आज बुधवार. अजून वेळ आहे, फोन कर. पातं काय, कुठल्याही दुकानात मिळेल.